पणजोबांच्या कॉलेजच्या दिवसांचा माग कसा काढावा

"आमचे पणजोबा त्या काळातले बी. ए." हे वाक्य बऱ्याच घरांत अभिमानाने सांगितलं जातं आणि गोष्ट तिथेच संपते. कॉलेज कुठलं, खोली कुठे, घरून महिन्याला किती रुपये यायचे, यातलं काही कुणाला ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून शिकायला बाहेर पडलेल्या पोराचं आयुष्य आज बऱ्यापैकी उभं करता येतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते. ज्यांनी अजून घरातली पत्र्याची पेटीही उघडलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तरुण वाचकांनी पणजोबांच्या जागी खापरपणजोबा धरावेत.

सुरुवात करणारे बहुतेक जण पदवीच्या मागे लागतात. पदवी सापडणं त्यातल्या त्यात सोपं असतं. खरा प्रश्न असा आहे की हा मुलगा जेवत कुठे होता? त्याचं उत्तर मिळालं की त्याची जात, नातीगोती, ऐपत, उपकारकर्ते, पुढची सोयरीकसुद्धा उलगडत जाते. पुढची प्रत्येक पायरी हा प्रश्न मनात ठेवून चढा.

पहिली पायरी: विद्यापीठ ठरवा

मराठी माणूस म्हणजे मुंबई विद्यापीठ, असं गृहीत धरू नका. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले बी. ए. बाहेर पडले. पुणे, मुंबई, कोकण, खानदेश, कोल्हापूर, बडोदे या भागातला विद्यार्थी बहुधा याच विद्यापीठाचा.

नागपूरकडची गोष्ट वेगळी. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आणि मॉरिस कॉलेज १८८५ चं, पण दोन्ही सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९२३ साली. तेव्हा नागपुरात शिकलेल्या पणजोबांचं नाव मुंबईच्या यादीत कितीही शोधलं तरी मिळायचं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथला मुलगा हैदराबादच्या निजाम कॉलेजात गेला असेल तर त्याची परीक्षा मद्रास विद्यापीठाची. नेमका कुठे गेला ते माहीत नसेल तर तिन्ही शक्यता वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: विद्यापीठाच्या कॅलेंडरात नाव शोधा

मुंबई विद्यापीठ दरवर्षी 'कॅलेंडर' नावाचं जाडजूड पुस्तक छापत असे. त्यात नियम, नेमलेली पुस्तकं, शिष्यवृत्त्या, कॉलेजांची माहिती आणि उत्तीर्णांच्या याद्या असत. बरीच जुनी कॅलेंडरं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही त्यांत छापलेल्या असतात. पणजोबांनी सोडवलेला गणिताचा पेपर डोळ्यांसमोर येतो तेव्हा काय वाटतं, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

नाव शोधताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली स्पेलिंगची. आज आपण 'व्ही'ने लिहितो ती नावं तेव्हा सर्रास 'डब्ल्यू'ने लिहिली जात, म्हणून वासुदेव, वामन, विष्णू दोन्ही अक्षरांखाली पाहा. महादेव, सदाशिव, कृष्ण यांच्या शेवटच्या अक्षरांत तर वाटेल तेवढी विविधता सापडते. जुन्या याद्यांत कधी आडनाव गाळून फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव दिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या शोधावर विसंबू नका, यादीची पानं बोटाने खाली सरकत वाचा.

दुसरी अडचण नाजूक आहे. यादी उत्तीर्णांची असते आणि त्या काळी नापास होणारे पास होणाऱ्यांपेक्षा किती तरी जास्त असत. "बी. ए. पर्यंत शिकले" याचा अर्थ पुष्कळदा "बी. ए. ला बसले, झाले नाहीत" असा असतो. यात कमीपणा मानू नका. मॅट्रिक झालेल्या मुलालाही तेव्हा सरकारी नोकरी मिळे आणि घराला हातभार लागे. बी. ए. च्या यादीत नाव नसेल तर मागे जा, मॅट्रिक आणि प्रीव्हियस (कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा) बघा. घरात "डॉक्टर होते" किंवा "इंजिनीअर होते" असं सांगत असतील तर ग्रँट मेडिकल कॉलेजची एल. एम. अँड एस. आणि पुण्याची एल. सी. ई. या पदव्यांखाली शोधा.

तिसरी पायरी: घरातले कागद

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त इथेच मिळतं आणि सगळ्यात जास्त इथेच वाया जातं. देव्हाऱ्याखालचा कप्पा, माळ्यावरची ट्रंक, जुन्या पंचांगांचा गठ्ठा, काकांकडचं कपाट, सगळं विचारा. वाटणीत कागद एका भावाकडे आणि भांडी दुसऱ्याकडे गेलेली असतात, तेव्हा चुलत घराण्यांनाही फोन करा.

सरकारी टपालाचं पाव आण्याचं कार्ड १८७९ साली आलं आणि मनीऑर्डर १८८० पासून टपालखात्याकडे आली. त्यामुळे १८८० नंतरच्या विद्यार्थ्याची कार्डं मिळण्याची आशा बरीच असते. त्याआधी पैसे हुंडीने किंवा गावाकडून येणाऱ्या माणसाच्या हाती यायचे. तो माणूस कोण होता, हेही शोधण्यासारखं असतं.

असं एखादं कार्ड हाती आलं की ते कसं वाचायचं ते सांगतो. मजकूर बहुधा मोडीत असतो. आधी आडवी रेघ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, ही मोडीची रीत, म्हणून शब्द कुठे तुटतो ते पटकन दिसत नाही. पण मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे शब्द, ठरलेला असतो आणि नवख्याला तोच आधार. वर 'श्री'. मग "तीर्थरूप राजश्री" अमुक "वडिलांचे सेवेसी", पुढे "अपत्ये" आणि लिहिणाऱ्याचं नाव, "कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष". नंतर "येथील कुशल तागाईत" (तागाईत म्हणजे पर्यंत) असं म्हणून तिथी येते. तारीख पत्राच्या माथ्यावर शोधणारे इथेच फसतात, ती या 'तागाईत'च्या मागे दडलेली असते. मायन्याचे शब्द पाठ असले की त्यांवरून लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखीचं होतं आणि मग खालचा मजकूर लागत जातो.

शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा. फक्त जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. म्हणजे फाल्गुन वद्य ३, शके १८०३ हे १८८२ सालातलं पत्र, १८८१ मधलं नव्हे. कॉलेजच्या वर्षाचा हिशेब लावताना या एका वर्षाने फार घोळ होतो. पडताळा म्हणून कार्डावरचा टपालाचा शिक्का भिंगाखाली धरा. गाव आणि इंग्रजी तारीख दोन्ही मिळाली तर उत्तम.

'विनंती विशेष' नंतर जे येतं ते खरं पत्र. फीचे पैसे, तूप संपलं, पंचा फाटला, ताप येऊन गेला, अमक्याबरोबर मेतकूट पाठवावे. ही वाक्यं क्षुल्लक समजून सोडू नका. तुपाचं मागणं म्हणजे मुलगा स्वतःच्या हाताने रांधत होता किंवा निदान ताटावर स्वतःचं तूप घेत होता, याची खूण असू शकते. असं प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर उतरवा आणि शेजारी तिथी टाका.

पत्रं नसतील तर वडिलांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पाहा. रकमेपुढच्या उभ्या रेघा म्हणजे पावल्या, म्हणून '४।।।' म्हणजे पावणेपाच रुपये. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, एवढं लक्षात असलं की पुरे. मुलाच्या नावे दरमहा किती पडलं आणि कुठल्या महिन्यात पडलंच नाही, ते टिपून ठेवा. रकमेचं वजन कळायला एक ठाऊक असलेलं उदाहरण हाताशी असू द्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले भाऊ महिना १५ रुपये पगारावर नोकरी करत आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत. घरी उरायचे ७. तुमच्या कीर्दीतला आकडा या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

चौथी पायरी: वाट आणि इमारत

गावापासून कॉलेजपर्यंतची वाट नकाशावर काढा. साल फार महत्त्वाचं आहे. मुंबई ते ठाणे रेल्वे १८५३ ची, पण बोरघाटातून गाडी धावायला १८६३ उजाडलं. त्याआधी पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या मुलाला घाट चालत नाही तर इतर वाहनाने उतरावा लागे. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. कोकणातल्या मुलाची वाट बंदरावरून, आगबोटीने, आणि पावसाळ्यात तीही बंद. म्हणजे जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत घरी काही झालं तरी तो सहजासहजी येऊ शकत नव्हता. घरातल्या जन्ममृत्यूच्या तिथ्या याच्याशी ताडून पाहिल्यात तर काही गोष्टी उगीचच मनाला लागतील. अण्णासाहेब कर्वे तरुणपणी मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी डोंगर तुडवत पायी गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. परीक्षा द्यायला जाणं हाच तेव्हा केवढा प्रवास होता, हे त्यावरून कळतं.

इमारतींबद्दल सावध राहा. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ ला शहरातल्या वाड्यात सुरू झालं आणि आजच्या इमारतीत १८९५ साली गेलं. १८९० चा विद्यार्थी त्या टेकडीखालच्या दगडी इमारतीत बसलाच नाही. एल्फिन्स्टन कॉलेज आधी भायखळ्याला होतं, काळा घोड्याला आलं ते १८८० च्या दशकाच्या शेवटी. विल्सन कॉलेजची चौपाटीवरची इमारत १८८९ ची. डेक्कन कॉलेज विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेतून वाढलं, १८६८ साली नदीपलीकडे येरवड्याला गेलं आणि तिथे विद्यार्थ्यांना राहायच्या खोल्या होत्या. टिळक-आगरकरांच्या पुढच्या आयुष्याचे बेत त्या खोल्यांतल्या गप्पांत ठरले. शहरातल्या पेठेत राहून रोज येरवड्याला जाणं आणि तिथेच राहणं, हे दोन अगदी वेगळे दिनक्रम. तुमच्या पणजोबांचा कुठला, ते ठरवा.

पाचवी पायरी: तो जेवायचा कुठे

इथे घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. "पणजोबांबद्दल सांगा" असं विचारलंत तर स्वभाव, राग आणि शिस्त एवढंच ऐकायला मिळेल. असं विचारा: त्यांचे वार कुणाकडे होते? खाणावळ कुणाची? पुण्यात आपलं बिऱ्हाड कुणाचं होतं? कुणाच्या घरी आपल्याला अजून मान आहे आणि का?

वार लावून जेवणं म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. सोमवार वकिलांकडे, मंगळवार गावच्या ओळखीच्या कारकुनाकडे, अशी साखळी जमवायची. मुलाने स्नान करून सोवळ्याने यायचं, मिळेल त्या पंगतीला बसायचं, कुठे पूजा करायची, कुठे पाणी भरायचं, कुठे घरच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा. सातवा वार मिळाला नाही तर तो दिवस चणे-चुरमुऱ्यांवर. आणि ज्या घरी सोयर किंवा सुतक आलं, त्या घरचा वार तेवढे दिवस बंद. अभ्यासातलं यश त्या काळी एवढ्या बारीक गोष्टींवर टांगलेलं होतं. पत्रात अमुक वार सुटला, तमुक धरला, असे उल्लेख आले की सात दिवसांचा तक्ता करा. दोन वर्षांचे दोन तक्ते झाले तरी त्याचा पुण्यातला गोतावळा दिसायला लागतो.

माधुकरी, म्हणजे घरोघरी शिजलेलं अन्न मागून आणणं, ही त्याहून कठीण. खाणावळ पैसेवाल्याची किंवा शिष्यवृत्ती मिळालेल्याची. नातेवाइकाच्या बिऱ्हाडी राहणारा मुलगा वरकरणी सुखी दिसतो, पण ते घर आधीच दोन खोल्यांचं असायचं. मुंबईत गिरगावातल्या वाड्या, ठाकूरद्वार, मुगभाट या नावांवर लक्ष ठेवा. चार जणांनी खोली घेऊन पाळीपाळीने रांधणं तिथे नेहमीचं. शिकवण्या करून खर्च भागवणारेही पुष्कळ, कर्व्यांनी मुंबईतले कॉलेजचे दिवस असेच काढले. वसतिगृहात असेल तर 'क्लब' हा शब्द शोधा. तिथे जेवणाचे गट असत आणि ते जातीप्रमाणे वेगळे असत.

हे स्पष्ट बोललं पाहिजे. वारांची आणि माधुकरीची सोय जवळजवळ सगळी ब्राह्मण मुलांना ब्राह्मण घरांत होती. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याचे हाल खरेच होते. आगरकरांनी एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत दिवस काढले, असं सांगतात. पण तितक्याच गरीब मराठा, माळी, शिंपी किंवा महार मुलाला पुण्यातली ती सात दारं उघडी नव्हती. तुमचे पणजोबा ब्राह्मणेतर असतील आणि तरी कॉलेजात पोचले असतील, तर त्यांच्यामागे कुणी तरी व्यक्ती, संस्थान किंवा संस्था नक्की उभी होती. ती शोधा. जमखिंडीहून येऊन १८९८ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झालेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना गंगारामभाऊ म्हस्क्यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचा आधार मिळाला होता. सयाजीराव गायकवाडांनी किती तरी विद्यार्थ्यांना मदत दिली. कोल्हापुरात शाहू महाराजांची बोर्डिंगं १९०१ पासून उभी राहू लागली, म्हणजे त्याआधीच्या मुलाला तीही नव्हती. मिशनच्या शाळा-कॉलेजांच्या वाटेने शिकलेल्यांसाठी मिशनचे वार्षिक अहवाल पाहा. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनी मुंबईतली गावाच्या नावाने चालणारी कूड विचारावी. तिथे गावातल्या कुणालाही पथारी टाकायला जागा मिळे.

वाढणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठल्याच कागदात नसतात. घरमालकाचं नाव मिळालं की थांबू नका, त्या घरच्या आजच्या पिढीला विचारा. "आमची पणजी विद्यार्थ्यांना जेवायला घालायची" एवढं तरी कुणाला आठवत असतं.

सहावी पायरी: पणजीचं माहेर

कॉलेजात जाईपर्यंत बहुतेक मुलांचं लग्न झालेलं असे. टिळकांचं लग्न १८७१ साली झालं, मॅट्रिक पुढच्या वर्षी. तेव्हा परगावी शिकणाऱ्या मुलाच्या गोष्टीत गावी राहिलेली एक लहान मुलगीही असते, कधी सासरी, कधी माहेरी. सासऱ्यांनी शिक्षणाचा खर्च उचलला होता का, हे तिच्या माहेरच्या कागदांत सापडतं, सासरच्या नव्हे. तिचं माहेरचं नाव आणि आडनाव आधी मिळवा, कारण सासरी आल्यावर दोन्ही बदललेली असतात. कुळवृत्तान्त, म्हणजे घराण्याचा वंशावळीसह इतिहास, छापलेला असेल तर दोन्ही घराण्यांचा पाहा.

क्वचित घरातली मुलगीच शिकायला बाहेर पडलेली असते. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्या महिला वैद्यकीय कॉलेजचं दप्तर आज तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि बरंचसं इंटरनेटवर पाहता येतं. परदेशी शिकलेल्या पूर्वजांसाठी थेट त्या संस्थेच्या दप्तरखान्याला ईमेल करा. आपल्याकडच्यापेक्षा उत्तर लवकर येतं.

सातवी पायरी: दप्तरखाने

एवढं हाती आल्यावरच कॉलेजच्या कार्यालयात जा. जुनं जनरल रजिस्टर असेल तर त्यात नाव, जात, गाव, वडिलांचा व्यवसाय मिळू शकतो. अर्ज लेखी करा आणि साल, गाव, वडिलांचं नाव नेमकं द्या. "१८८० च्या आसपास" असं लिहिलेला अर्ज कुणी हातात धरत नाही. डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या लढ्यानंतर १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तिथे विचारताना हे ध्यानात असू द्या.

शिक्षणखात्याचे सरकारी कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत आणि ते काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. शिष्यवृत्तीधारक आणि सरकारी नोकरीत गेलेले विद्यार्थी तिथे सापडण्याची शक्यता जास्त. संस्थानचा आश्रय होता असं वाटत असेल तर त्या संस्थानचं दप्तर पाहा. १८९६ ते १८९९ मधला विद्यार्थी असेल आणि मध्येच एखादं वर्ष गायब असेल, तर आधी प्लेगचा विचार करा. मुंबईत १८९६ ला आणि मग पुण्यात साथ आली तेव्हा लोक शहरं सोडून गावाकडे पळाले, मुलंही गेली. त्यातली काही परत आली नाहीत.

लिहून काढताना

कागदावरून कळलेलं एका शाईने, तोंडी ऐकलेलं दुसऱ्या शाईने लिहा. तोंडी माहितीखाली कुणी सांगितलं आणि कधी, ते टाका. "रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला" ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पणजोबांबद्दल सांगितली जाते. खोटी असेलच असं नाही, पण तुमच्या घरचा पुरावा हवा.

कागदांना प्लास्टिक चढवू नका, चिकटपट्टी लावू नका, स्टेपलर मारू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कार्डाची पत्त्याची बाजू बरेच जण सोडतात आणि खोलीचा पत्ता नेमका उत्तराच्या कार्डावर, त्याच बाजूला असतो. मोडी स्वतः शिका, काही महिन्यांच्या वर्गात कामापुरती येते. तोवर वाचून देणारे जाणकार पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आसपास भेटतील. त्यांच्याकडे जाताना मूळ कार्ड नेऊ नका, मोठा करून छापलेला फोटो न्या आणि ओळींना आधीच आकडे घाला, म्हणजे चौथ्या ओळीतला शब्द 'तूप' आहे की 'रूप', हे फोनवरूनही विचारता येतं.